भावजींची लेथची सीडी

संगणकावर इतका भाबडा विश्वास टाकणारा माणूस दिल्लीच्या पंचक्रोशीत दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्या ताईच्या पदरी पडला. भावजी फरीदाबादच्या एका खासगी संस्थेत लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायला शिकवत. तिकडे गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक पोराला एसीत बसायचं होतं. तेलात हात कोण बुडवणार? वर्ग ओस पडला. यंदा मुलं टिकली नाहीत तर विभाग बंद, असं संस्थेने बजावलं. दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. भावजींनी मल्टिमीडिया शिकायला घेतलं आणि लेथच्या धड्यांची सीडी बनवली.

पडद्यावर लेथ फिरे, ठिणग्या उडत, मागे सनई वाजे. धड्याशेवटी परीक्षा, बरोबर उत्तराला टाळ्या, चुकीच्या उत्तराला भावजींच्या आवाजात धीराचे दोन शब्द. ध्वनिमुद्रण स्वयंपाकघराशेजारी झाल्यामुळे अधूनमधून ताईच्या कुकरची शिट्टी ऐकू येई. "पोरांना ती मशीनचीच वाटेल," असं त्यांचं म्हणणं. मी दिल्लीतल्या आर. के. पुरमहून रविवारी गेलो की चहाआधी परीक्षा ठरलेली. ताई आतून म्हणायची, "माहेरचं माणूस आहे हो, नापास तरी करू नका." तरी मी दर खेपेला नापास व्हायचो.

संस्थेची मंडळी सीडी पाहायला आली तो दिवस मात्र आठवू नये असाच. पहिल्याच मुलाचं उत्तर चुकलं आणि संगणकातून भावजी प्रेमाने म्हणाले, "कोई बात नहीं, प्रयत्न की शिकस्त करो." आपली शिकस्त म्हणजे पराकाष्ठा, हिंदीत तिचा अर्थ पराभव. मुलगा गोंधळून म्हणाला, "सर, ये तो हारने को बोल रहा है." वर्ग खो खो हसला, मंडळीही हसली. त्या उन्हाळ्यात विभाग बंद झाला.

भावजी आता निवृत्त आहेत. परवा मला म्हणाले, "एक शब्द चुकला हो. नाहीतर थांबली असती पोरं."

ती थांबणार नव्हतीच. शब्द बरोबर असता, सनई आणखी गोड असती, तरी ती गुडगावलाच गेली असती. हे मला तेव्हाही कळत होतं, बहुधा ताईलाही. पण ते सांगायचं म्हणजे त्यांची सगळी मेहनतच फुकट होती असं सांगणं. त्यापेक्षा चूक त्यांच्याकडेच राहिलेली बरी. मला फार वाईट वाटलं. "हो भावजी," मी म्हणालो, "नक्की थांबली असती."