साडूंच्या घनातली म्हैस

आमच्या साडूंना "कसं काय?" असं विचारून सरळ उत्तर मिळवलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. "बरं चाललंय" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघतच नसत. "बरं म्हणजे कशात? तब्येतीत, पिकात, का पोराच्या अभ्यासात? आन् कवाच्या मानानं?" असं ते उलट विचारायचे, आणि विचारणारा आपल्या वाटेनं निघून जायचा. एका लग्नात वाढप्यानं सहज "भाजी कशी झालीय?" म्हटलं, तर साडू म्हणाले, "पहिल्या पंगतीची का ह्या?" वाढपी पुढे सरकला आणि साडूंनी नुसत्या वरणावर जेवण उरकलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, स्वयंपाक कसा झालाय हे विचारणं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं. कपिलधारला गेलो तर लोक देवाच्या पाया पडत होते आणि हे पायरीवर बसून कोणत्या तालुक्याचे भाविक कोणत्या महिन्यात जास्त येत असतील याचा विचार करत होते.

ही खोड त्यांना पुण्यात लागली. तिथं एका कंपनीत ते बहुमितीय डेटाबेस बनवायचे. आपल्या साध्या तक्त्याला दोन बाजू असतात, आडवी आणि उभी. ह्यांच्या तक्त्याला हव्या तितक्या. कोणतं बिस्किट, कोणत्या शहरात, कोणत्या महिन्यात, कसल्या दुकानात किती खपलं, हे सगळं एकाच ठोकळ्यात भरायचं आणि मालकाला हवी ती बाजू फिरवून दाखवायची. त्या ठोकळ्याला ते 'घन' म्हणत. वडील गेल्यावर शेती बघायला ते घाटनांदूरला परतले. पण सालं दुष्काळाची, शेतात बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा आमच्या दूध संघात कॉम्प्युटरवर बसायला लागले. मी त्याच संघात हिशोबनीस. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, बी. कॉम., आणि ते मी कष्टानं मिळवलंय. त्यामुळं कुणी मला आकडे शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. साडूंचं मात्र मला पटलं, हे सरळ सांगतो.

संचालक मंडळाला घन समजावायला त्यांनी ताटभर कलाकंद आणला होता. जाड, चौकोनी. सुरी घेऊन उभे राहिले. "ह्या बाजूनं गावं. ह्या बाजूनं महिने. आन् वरचा थर गायीचा, खालचा म्हशीचा. म्हणजे ही एक वडी काय झाली? एका गावाचं, एका महिन्याचं, म्हशीचं दूध." मंडळाला हे फारच आवडलं. अध्यक्षांनी गायीचा आख्खा श्रावण उचलून तोंडात टाकला. एक संचालक म्हणाले, "इंजिनिअर, तुमचा डेटा लई गोड हाय की!" साडू अजिबात हसले नाहीत. उरलेल्या वड्यांकडे बघून म्हणाले, "आता विश्लेषण अपूर्ण राहिलं."

पुढच्या उन्हाळ्यात गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही. दूध घटलं आणि मंडळानं ठरवलं की ज्या गावचं दूध येत नाही तिथलं संकलन केंद्र कायमचं बंद करायचं. यादीत आमची सासुरवाडी होती. एकदा केंद्र गेलं की दूध तपासायचं यंत्र जातं, गाडी यायची बंद होते, आणि मग सासूबाईंसारख्या एकट्या बाईनं दुधाची किटली घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत रोज चालत जायचं, नाहीतर म्हैस विकायची. मी साडूंना म्हटलं, "काहीतरी करा." ते म्हणाले, "साडूभाऊ, गावाची बाजू फिरवून फिरवून बघितली. शून्य हाय. शून्याला मी काय करू?"

रविवारी आम्ही दोघं सासूबाईंचा डबा घेऊन चारा छावणीवर गेलो. गावात ना चारा ना पाणी, म्हणून सगळ्या गावची गुरं तिथं दावणीला होती आणि त्यांच्यासोबत माणसंही. सासूबाई धार काढत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "जावाईबापू, आमचं केंद्र बंद करायलेत म्हणं?"

"मामी, तुमच्या गावाचं दूधच येत न्हाई," साडू म्हणाले.

"मंग मी ह्ये काय पाणी काढायले?"

"तसं न्हाई मामी. हे दूध इथल्या केंद्रावर पडतं. ते छावणीच्या नावावर जातं."

सासूबाईंनी धार थांबवली. "कावून? छावणीला कास हाय का?"

साडूंनी हातातला डबा खाली ठेवला आणि वाकून म्हशीची कास बघितली. परतताना मोटरसायकलवर मागं बसून एवढंच म्हणाले, "मी दूध कुठं पडलं ते विचारलं. कुणाचं हे विचारलंच न्हाई. माझ्या घनाला एक बाजू कमी हाय."

पुढच्या बैठकीला त्यांनी कलाकंदाची दोन ताटं आणली. अध्यक्ष खूश झाले. "एक ताट गावात पडलेल्या दुधाचं," साडू म्हणाले, "दुसरं छावणीत पडलेल्या दुधाचं. छावणीच्या वहीत जनावराचं मूळ गाव लिहिलेलं असतं, वड्या दोन्हीकडं त्याप्रमाणं कापल्यात." पहिल्या ताटात सासुरवाडीची जागा मोकळी होती. दुसऱ्या ताटात तिथं वड्या नीट रांगेनं बसल्या होत्या, थोड्या बारीक, पण होत्या.

"मागं तुमीच शून्य म्हणला होतात की," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणलो होतो. चुकलो. गाव आटलं न्हाई साहेब, गाव छावणीला गेलंय. परत आल्यावर त्याला दूध घालायला जागा लागंल."

त्या दिवशी ताटाला कुणी पटकन हात लावला नाही. केंद्र राहिलं. पाऊस झाला, छावण्या उठल्या, आणि सासूबाईंची म्हैस गावात शिरली तेव्हा केंद्र आपल्या जागेवर होतं.

आता साडू पुन्हा पुण्याला आहेत. गुडघे गेले, मुलानं नेलं. फ्लॅट सातव्या मजल्यावर, खाली उतरणं फारसं होत नाही. परवा फोन लावला आणि मुद्दाम विचारलं, "कसं काय साडूभाऊ?" आता प्रश्नांची सरबत्ती येणार म्हणून मी खुर्चीत नीट बसलो. पलीकडून एकच प्रश्न आला, तोही हळू आवाजात.

"तुमी लोकांनी मला आता कोणत्या गावात धरलंय?"

"घाटनांदुरात," मी म्हटलं. "पुण्याला तुम्ही छावणीला गेलाय."

पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

मग साडू म्हणाले, "मंग बरं चाललंय."