हरणांचा माज आणि माझा

मी एकसष्ट वर्षांची होते तेव्हाची ही गोष्ट. आता एकोणसत्तराव्या वर्षी त्या बाईकडे बघते तेव्हा वाटतं, किती तरुण होती, आणि किती आगाऊ! तिला वाटायचं आपल्याला सगळं कळतं, आणि नवऱ्याच्या मनातलं तर त्याच्याही आधी कळतं. या समजुतीपायी तिने एका हरणाचा जीव वाचवला आणि नवऱ्याचा खांदा घालवला. हरणाने आभार मानले नाहीत. नवऱ्याने काय केलं ते सांगते.

आमचे हे जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारे. सिंगापूरला, सेम्बावांगच्या शिपयार्डात सगळी नोकरी झाली, आणि तिथून पाच मिनिटांवरच्या फ्लॅटमध्ये आम्ही अजून राहतो. तिथे यांचा वरिष्ठ एक ऑस्ट्रेलियन होता, त्याला सगळे चीफ म्हणायचे. निवृत्त होऊन तो क्वीन्सलंडला आपल्या जमिनीवर राहायला गेला, आणि जाता जाता यांना एक व्यसन लावून गेला. धनुष्यबाणाने हरणाची शिकार.

आपल्याला इथे एमआरटीच्या गार गाडीतून बाहेर पडलं की घाम फुटतो, त्या एप्रिलमध्ये तिकडे थंडी पडायला लागते. तेव्हा तांबड्या हरणांचे नर माजावर येतात. खाणंपिणं सोडून डरकाळ्या फोडतात, शिंगाला शिंग लावून झुंजतात, माद्या गोळा करत फिरतात. एरवी माणसाचा नुसता वास आला तरी डोंगर ओलांडून पळणारं जनावर, त्या दोन-तीन आठवड्यांत बेसावध असतं. बाणाने मारायचं तर पंचवीस पावलांवर पोचावं लागतं, म्हणून बाणवाले वर्षभर याच दिवसांकडे डोळे लावून बसतात.

हे तीन एप्रिल गेले आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आले. चौथ्या वर्षी उजवा खांदा धरला. तोआ पायोहच्या डॉक्टरने सांगितलं, आतला स्नायू फाटत चाललाय, ऑपरेशन करून घ्या आणि धनुष्य विसरा. घरी येऊन हे मला म्हणाले, "काही नाही गं, थोडा ताण आहे."

रिपोर्ट मी वाचला होता. तो मी वाचलाय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना तो खांदा आणखी एका एप्रिलपुरता चालवायचा होता. एक हरीण, स्वतः ओढलेल्या बाणाने. मग काय कापायचं ते कापा. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण बसमध्ये वरचा दांडा धरायला डावा हात जायचा तेव्हा मला दिसायचं.

सरळ म्हणायचं होतं, "अहो, मला माहीत आहे." चार शब्दांचं काम. पण शहाण्या बायका असं सरळ बोलत नाहीत. त्या योजना आखतात.

पहिली योजना क्रॉसबोची. म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि त्यावर आडवं धनुष्य. दोरी हँडल फिरवून आधीच ताणून ठेवायची, नेम धरायचा, घोडा दाबायचा. खांद्याला ओढायचं कामच नाही. चीफकडे परवान्यासकट एक होता. मी त्याला गुपचूप फोन केला आणि म्हटलं, यांचं आता वय झालं, जरा सोपं काहीतरी द्या. चीफ भोळा माणूस. पुढच्याच व्हिडिओ कॉलवर तो क्रॉसबो हातात घेऊन बसला. "मित्रा, आता वय झालं, यंदा हा वापरणार का?"

फोन ठेवल्यावर हे स्वयंपाकघरात आले.

"याला कोणी सांगितलं माझं वय झालं म्हणून?"

"मला काय ठाऊक? दिसत असेल स्क्रीनवर."

"हँडल फिरवून हरीण मारायचं! त्यापेक्षा सुपरमार्केटमधून मटण आणतो. तिथे हँडलसुद्धा फिरवावं लागत नाही."

पहिली योजना तिथेच बारगळली. दुसरी मात्र मला फारच हुशारीची वाटली. चीफने मागे सांगितलं होतं की या शिकारीत जोडी असली तर बरं. एकाने पुढे बाण लावून बसायचं. दुसऱ्याने त्याच्या मागे तीस पावलांवर दडून नराची डरकाळी काढायची. खरा नर या नव्या उपटसुंभाला हाकलायला येतो, त्याची नजर मागच्यावर खिळलेली असते आणि पुढचा त्याला दिसत नाही. माझा हिशोब असा की हरीण आयतं समोर आलं तर यांना धनुष्य फार वेळ ताणून धरायला लागणार नाही. मी जाहीर केलं, "हाक द्यायला यंदा मी येणार."

हे म्हणाले, "तुझ्या आवाजाबद्दल मला कधीच शंका नव्हती."

आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर मी लगेच टाकलं, 'आम्ही हरणांच्या माजाला चाललोय.' एकीने हात जोडल्याची चित्रं पाठवून विचारलं, 'अरे वा, कुठलं देवस्थान?' दुसरीने लिहिलं, 'माज बघायला एवढं लांब कशाला? माझी सून इथेच आहे.' ती सूनही ग्रुपवर होती. पुढचे दोन दिवस ग्रुप फार शांत होता.

मग सराव. डरकाळी काढायला पोकळ नळी लागते, आवाज घुमायला. मी व्हॅक्युम क्लीनरची नळी काढून घेतली आणि कपडे वाळत घालायच्या जागी, खिडकीशी उभी राहून रोज संध्याकाळी घसा फाडायला लागले. शाळा सुटल्यावर नात आमच्याकडे यायची, तेव्हा नऊ वर्षांची होती.

"आजी, व्हॅक्युम क्लीनर क्रायिंग, इज इट?"

"रडत नाहीये, राणी. ते हरीण आहे. माजावर आलंय."

"व्हॉट इज माज?"

"आजोबांना विचार."

ती धावत गेली. आतून आवाज आला, "तुझ्या आजीला आहे ना, तोच."

पाचव्या दिवशी मी डरकाळी फोडली आणि समोरच्या ब्लॉकमधून उत्तर आलं. खोल, घुमणारं, अस्सल. मी पुन्हा ओरडले, पुन्हा उत्तर! मी नळी घेऊन बाहेर धावले. "अहो, मंडाईच्या जंगलातून सांबर आलंय!"

"कितव्या मजल्यावर?" यांनी पेपरमधून मान वर न काढता विचारलं.

दुसऱ्या दिवशी खाली कॉफीशॉपमध्ये एक चिनी अंकल माझ्याजवळ आले. म्हणाले, आंटी, तुमचा हा श्वासाचा व्यायाम फुप्फुसांना फार चांगला दिसतोय, मीही सुरू केलाय, बरोबर जमतंय ना? मी काय सांगणार! म्हटलं, पोटातून काढा, अंकल. एप्रिल येईपर्यंत आम्ही दोघं नेमाने संध्याकाळी सहा वाजता एकमेकांवर ओरडत होतो. त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं जमायचं.

शेवटी आम्ही क्वीन्सलंडला पोचलो. दोन दिवस नुसती पायपीट झाली. तिसऱ्या दिवशी उजाडताना एका ओढ्याच्या वरच्या अंगाला आम्ही जागा धरली. हे पुढे पडलेल्या झाडाच्या आड गुडघ्यावर बसलेले. मी मागे झुडपात नळी घेऊन, आणि माझ्या बाजूला चीफ दुर्बीण लावून. त्याने खूण केली. मी पोटातून डरकाळी काढली. पलीकडच्या उतारावरून उत्तर आलं, आणि हे काही समोरच्या ब्लॉकमधले अंकल नव्हते.

तो आला. आधी त्याचा वास आला, ओल्या घोंगडीसारखा उग्र. मग शिंगं दिसली, त्यांत गवत अडकलेलं, अंगाला ओढ्यातला चिखल. यांच्यापासून वीस पावलांवर आडवा उभा राहिला आणि माझ्या झुडपाकडे टक लावून बघायला लागला. खरं सांगते, एवढं आसुसून माझ्याकडे कोणी बघितल्याला बरीच वर्षं झाली होती.

यांनी धनुष्य उचललं. ते दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य. सुरुवातीची ओढ फार जड असते, एकदा ती पार झाली की दोरी हलकी होते. दोरी अर्ध्यापर्यंत आली. कोपर थरथरलं. दोरी परत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा अर्ध्यावर. यांची मान मागून मला दिसत होती, लाल झालेली. हरीण उभंच. चीफची दुर्बीण हरणावर होती, पण आता कुठल्याही क्षणी तो यांच्याकडे बघणार होता. ज्याच्यापुढे यांनी तीस वर्षं कधी 'जमत नाही' म्हटलं नव्हतं, त्याला आता ते दिसणार होतं.

मी शिंकले.

मुद्दाम. मोठ्याने. नळीत. हरीण असं उधळलं की जागेवर नुसता चिखल उरला.

चीफने इंग्रजीतले असे शब्द वापरले की जे मी शिपयार्डच्या पार्ट्यांमध्येही ऐकले नव्हते. हे वळले आणि ओरडले, "अगं, दोन मिनिटं नाक धरता येत नाही तुला? चार वर्षं! चार वर्षं वाट बघितली मी!"

मी मान खाली घातली. आतून मात्र मला इतकं उदात्त वाटत होतं म्हणून सांगू! नवऱ्याची लाज राखली, आळ स्वतःवर घेतला, तोंडातून चकार शब्द नाही. परत येताना विमानात मी स्वतःकडे बघून जवळजवळ नमस्कार केला. पुढे सात-आठ महिने हे ज्याच्या त्याच्या घरी शिंकेची गोष्ट सांगायचे, लोक हसायचे, आणि मी सोशिक चेहरा करून काकडीची कोशिंबीर वाढायचे.

एक गोष्ट त्या शहाण्या बाईच्या डोक्यात आली नव्हती. निरोप देताना चीफ यांना म्हणाला होता, "हरीण तुझंच होतं, मित्रा. पुढच्या एप्रिलला ये. बायकोला घरी ठेव." मग हे काय करणार? हरीण शिंकेमुळे गेलं असेल तर खांदा ठीकच असायला हवा. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि दर रविवारी तिरंदाजीच्या मैदानावर जाऊन तो फाटका खांदा ओढत राहिले. डिसेंबरात तो पूर्ण गेला. आधी अर्धा फाटला होता, आता आख्खा. मग तातडीने ऑपरेशन, हात झोळीत.

हॉस्पिटलमध्ये मी त्यांना चमच्याने दहीभात भरवत होते. तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"अहो, ती शिंक खोटी होती."

"माहितीय."

"कशी?"

"तुला शिंक आली की तीन येतात. छत्तीस वर्षं तीनच. त्या दिवशी एकच आली."

मी चमचा वाटीत ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मी धनुष्य खाली ठेवून मागे वळणारच होतो. चीफला सांगणार होतो, बाबा, माझ्याने ओढवत नाही, काढ तुझा तो क्रॉसबो. अगदी तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तू शिंकलीस. चीफ तुझ्यावर ओरडला, मग मीही ओरडलो. ओरडायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि एकदा ओरडल्यावर मग ते खरं करून दाखवणं आलं." मग म्हणाले, "भात दे. आणि रिपोर्ट वाचला होतास ना तू?"

"हो."

"तो परत घालताना पाकिटात उलटा घातला होतास."

म्हणजे मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. एवढ्या माहितीचा दोघांनाही काडीचा उपयोग झाला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी चीफला फोन लावला. मी फोन त्यांच्या कानाशी धरून उभी होते. "त्या दिवशी माझ्याने दोरी ओढवलीच नाही," हे म्हणाले. "दोनदा प्रयत्न केला." चीफ म्हणाला, "क्रॉसबो शेडमध्ये आहे. खांदा भरू दे, मग ये."

तो एप्रिल चुकला. त्याच्या पुढच्या एप्रिलला हे एकटे गेले आणि हँडल फिरवून, बावीस पावलांवरून, एका बाणात हरीण पाडलं. डरकाळी चीफच्या बायकोने काढली. "मोजून दोनदा ओरडली, आणि हरीण हजर," हे मला येऊन सांगतात! तो फोटो मी मोठा करून बघितला, हरणासाठी नव्हे, तिची नळी कसली आहे ते बघायला.

त्यानंतर मरीन परेड भागात एकांच्या प्रशस्त फ्लॅटवर वीस-पंचवीस मराठी माणसं जेवायला जमली होती. कोणीतरी म्हणालं, "वहिनींच्या शिंकेची गोष्ट होऊ द्या!" हे उभे राहिले आणि सगळं खरं सांगून टाकलं. खांदा, थरथर, खोटी शिंक, ऑपरेशन. मी ताटात बघत बसले. याच लोकांपासून मी त्यांची अब्रू एवढी जपली होती.

कोपऱ्यातले एक निवृत्त कॅप्टन म्हणाले, "ऑपरेशन कुठे केलंत हो? माझाही उजवाच." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "माझा डावा. शर्टात हात जात नाही." एक बँकवाले उभे राहून हात किती वर जातो ते दाखवायला लागले. तो कानापर्यंतसुद्धा गेला नाही. पुढचा अर्धा तास त्या दिवाणखान्यात प्रत्येक पुरुष आपापला खांदा काढून बसला होता, आणि आमचे हे मधोमध, कुठला डॉक्टर, किती दिवस झोळी, कुठला व्यायाम, सगळ्यांना समजावून सांगत होते. हरणाबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नाही.

मी दोनदा म्हणून बघितलं की माझाही गुडघा दुखतो. कोणी लक्ष दिलं नाही.