पत्र्यावरच्या चार थापा

आपल्याकडे येष्टी वेळापत्रकावर चालते असा ज्यांचा समज असेल, त्यांनी एकदा आमच्या सकाळच्या गाडीनं भोरपर्यंत यावं. ही गाडी वेल्ह्याच्या अंगाला, डोंगरातल्या अगदी शेवटच्या गावात मुक्कामाला असते आणि सकाळी भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेनं वळणं घेत भोरला उतरते. गेली सात वर्षं मी या गाडीचा कंडक्टर आहे. खांद्याला पिशवी, गळ्यात तिकिटाचं मशीन, डोक्यावर घंटीची दोरी, असा सगळा सरकारी सरंजाम माझ्याकडे आहे. तरीही ही गाडी मी चालवत नाही. स्टिअरिंग हातात धरून बसतात म्हणून आमच्या ड्रायव्हर नानांचा तसा समज आहे, पण तेही चालवत नाहीत. ही गाडी दुसऱ्या फाट्यावरची एक बाई चालवते. एक दिवस सोडला तर ती कधी गाडीत चढलेली नाही आणि तिनं तिकीट काढलेलं नाही. अख्खं खोरं तिला ‘चौघांची आई’ म्हणतं. तिचं खरं नाव मला आजतागायत ठाऊक नाही. विचारायचा धीर झाला नाही.

चौघं म्हणजे थोरली पोरगी, तिच्यामागचे दोन जुळे आणि शेवटची बारकी. नवरा पुण्यात टेम्पो चालवतो, शनिवारी येतो, सोमवारी जातो. तेव्हा चार पोरं, दोन म्हशी, एक सासू आणि एक येष्टी एवढा बारदाना ती एकटी हाकते. यातली येष्टी तिला सगळ्यात सोपी जाते, असं माझं मत आहे.

तिची पद्धत अशी. घर फाट्यापासून वर, चढावर. वळणावर आमचा हॉर्न ऐकू आला की ती पहिल्यांदा थोरलीला सोडते. थोरली धावत येते आणि एक पाय गाडीच्या पायरीवर, दुसरा जमिनीवर ठेवून उभी राहते. चढत नाही, उतरत नाही. मुलगी पायरीवर असताना गाडी सोडणारा कंडक्टर अजून जन्माला यायचाय, हे त्या माउलीनं बरोबर ओळखलेलं. मी दोरी दोनदा ओढतो. नाना आरशात बघतात. थोरली माझ्याकडे बघून अतिशय आदबीनं म्हणते, “येतीयाच मम्मी.” मग एकेक बूट हातात घेतलेले जुळे घरंगळत येतात. मग बारकीला काखोटीला मारून आणि कंगवा दातात धरून खुद्द बाईसाहेब. बारकीची उजवी वेणी घरी होते, डावी येष्टीच्या खिडकीतून होते. बारकी आत, तिचं डोकं खिडकीबाहेर आणि डोक्याला लटकलेली आई बाहेर. रिबीन धरायला बहुतेक वेळा मी असतो.

सगळी आत गेली की ती गाडीच्या पत्र्यावर हात मारत मोजते. “एक, दोन, तीन, चार!” प्रत्येक आकड्याला एक थाप. आणि चौथ्या थापेला नाना गाडी सोडतात. माझी डबल बेल त्याआधी चार वेळा वाजून गेलेली असते, तिला हे गृहस्थ हलत नाहीत. एकदा मी चिडून विचारलं, “नाना, तुम्ही घंटीवर गाडी काढता का थापेवर?” तर म्हणाले, “मास्तर, घंटी चुकती तुमची. थाप चुकत न्हाई.” खरंच होतं ते; त्याच आठवड्यात मी एका आजोबांना खाली आणि त्यांच्या कोंबड्यांना वर ठेवून घंटी मारली होती.

तिचे बाकीचे कारभारही याच बेतानं चालतात. घरापासून फाट्यापर्यंत पोरांनी पाढे म्हणत यायचं, हा नियम. सतराचा पाढा नीट म्हटला तर बरोबर फाट्यावर संपतो. चुकला की मागं वळून पुन्हा घरापासून. गाडी उशिरा सुटली की मी हजेरीत कारण लिहितो, ‘तांत्रिक अडचण’. ती अडचण म्हणजे सतरा नव्वे त्रेपन्नासे. बारकीला कांजिण्या आल्या तेव्हा तिनं बाकीच्या तिघांना उचलून तिच्याच अंथरुणात टाकलं. “एकदमच उरकून घेते,” म्हणाली, “चारदा कोन बसंल घरी?” भिजपावसाच्या दिवसांत चौघांचे गणवेश चुलीवर वाळतात, त्यामुळे ती चौघं गाडीत शिरली की भाकरी भाजल्याचा वास सुटतो. गड चढायला आलेला एक शहरी पाहुणा रस्ता चुकून आमच्या गाडीत बसला होता. त्यानं नाकाला रुमाल लावला. खिडकीबाहेरून बाईंचा आवाज आला, “भूक लागली आसंल त्यांला. मास्तर, इचारा, भाकरी देऊ का?”

आता डब्याचं सांगतो, म्हणजे माझी लाज एकदाची जाईल. डबे कधी वेळेवर होत नसत. गाडी गेल्यावर ते मागून दुधाच्या टेम्पोनं शाळेत पोचत. एक दिवस टेम्पो नव्हता, म्हणून डबे गाडीतच आले; जुळे वाटेतच फस्त करतील म्हणून त्यांचा डबा तिनं माझ्या पिशवीत कोंबला. “शाळेपाशी तेवढा आठवणीनं द्या.” माझ्या बायकोनं दिलेला डबाही तसल्याच निळ्या फडक्यात होता. शाळेपाशी मी जुळ्यांच्या हातात एक डबा दिला आणि भोरला जाऊन दुसरा उघडला. आत भोपळ्याचे घारगे. आमच्या घरी घारगे होत नाहीत. हे कळायला मला खरं तर पहिला घास पुरला होता. तरी मी सहाच्या सहा खाल्ले. जुळ्यांच्या वाट्याला माझी पडवळाची भाजी गेली. दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालूनच फाट्यावर पोचलो. तिनं चारी डबे दिले आणि वर कागदात बांधलेली एक पुडी माझ्या हातावर ठेवली.

“हे काय?”

“हे तुमचं. पोरांच्यात त्वांड घालू नगा.”

त्या दिवसापासून ती जेव्हा जेव्हा घारगे करते, तेव्हा माझी पुडी येते. एवढं असूनही मी तिच्याशी जे केलं ते आता सांगायला हवं.

शाळेची पोरं पासावर येतात. प्रत्येक पासामागं मशीनवर एक बटण दाबायचं असतं, म्हणजे एक माणूस नोंदलं जातं. काम एवढंच. पण सकाळची थंडी, वीसबावीस पोरांची रेटारेटी, आणि त्यात दुसऱ्या फाट्यावर रोज माझ्या घंटीची होणारी शोभा. मी बटणं दाबणं सोडून दिलं होतं. मनातल्या मनात म्हणायचो, ही पोरं काही पैसे देत नाहीत, कशाला बोटं झिजवा. असे किती महिने गेले ते मला सांगता येणार नाही, कारण तेही मी नोंदलेलं नाही.

मग एक दिवस आगारात साहेबांनी बोलावून सांगितलं की तुमची सकाळची फेरी रिकामी धावते, मशीनमध्ये रोज तीन-चार माणसं दिसतात, पुढच्या महिन्यापासून ती बंद. मुक्कामही बंद. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. देवळाच्या ओसरीवर झोपण्यातून सुटका, रोज घरची गादी, घरचा चहा. त्या आनंदाच्या भरात मी दुसऱ्या दिवशी फाट्यावर जरा खुशीतच बातमी दिली. “ताई, आता घाई करू नका. गाडीच बंद होतीय.”

तिचा हात बारकीच्या डाव्या वेणीत होता, तो तिथंच राहिला.

“का?”

“माणसं न्हाईत ना गाडीला. मशीनमध्ये तीन दिसतात.”

ती गाडीकडे बघत राहिली. खिडक्याखिडक्यांतून पोरांची डोकी बाहेर आली होती. “तीन?” ती म्हणाली. “मग ही कोन हायेत?”

मी पासाचं सांगायला गेलो, बटणाचं सांगायला गेलो, आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की मी काय सांगतोय.

“मास्तर,” तिनं विचारलं, “तुमी बटण दाबलं न्हाई?”

मी दोरी ओढली. नाना हलले नाहीत. त्या दिवशी पत्र्यावर थाप पडायला फार वेळ लागला.

गाडी बंद म्हणजे काय, ते मला तोवर नीट कळलेलं नव्हतं. थोरलीनं जाता जाता सांगितलं, अगदी दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. ती तेव्हा आठवीत होती. आजी म्हणत होती, गाडी न्हाई तर पोरीला आता बास झालं. जुळे काय, कुणाच्याही मोटारसायकलवर बसून जातील. मुलीला कोण रोज एवढ्या लांब सोडणार? “मम्मीबी सातवीतच बसली घरी,” ती म्हणाली. “तिच्या टायमाला गाडीच सुरू नव्हती झाली.”

दुसऱ्या दिवशी हॉर्न ऐकल्यावर थोरली धावत आली नाही. पाची जणं आधीच फाट्यावर उभी होती, आणि माझ्या देखत पहिल्यांदाच चौघांची आई गाडीत चढली. पिशवीत कंगवा, रिबिनी, डबे, पाण्याची बाटली. “भोर. एक फुल,” म्हणाली आणि पहिल्या सीटवर बसली. मी तिकीट दिलं. पुढच्या फाट्यांवर पोरं चढत गेली. शाळा आली, नानांनी गाडी थांबवली. ती उठून दारात उभी राहिली.

“कुनी उतरायचं न्हाई. शाळा आज भोरला.”

“अवो ताई,” मी म्हणालो, “पोरांची हजेरी बुडंल!”

“हजेरीच लावाया चाललोय.”

नानांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिनं आतून छतावर एक थाप मारली. गाडी भोरला निघाली. वाटेत मी तिला दोनदा म्हणालो, साहेब चांगले आहेत, अर्ज करू, मी लिहून देतो. तिनं फक्त एवढंच विचारलं, “कसं, बटण दाबल्यावानी?”

आगाराच्या व्हरांड्यात साहेबांच्या दाराबाहेर तिनं आपली रोजची सकाळ मांडली. बारकीला पुढ्यात घेऊन डावी वेणी घातली. डबे उघडून पोरांना ओळीनं बसवलं. जुळ्यांना सतराचा पाढा सुरू करायला लावला, आणि बघता बघता बावीस पोरांनी तो उचलला. साहेब बाहेर आले तेव्हा सतरा आठे छत्तीसासे चाललं होतं.

“हे काय आहे?”

ती उठली. पदर खोचलेला होता, तो तसाच. “साहेब, ही मोजा.”

“बाई, अशी पोरं आणून काय होणार? मशीनमध्ये—”

“मशीनीत न्हाईतच ती. म्हनून तर हितं आणली. रविवारी गड बगायला येनाऱ्यांला गाडी मिळती, आन सोमवारी शाळंला जानाऱ्यांला न्हाई? म्या सातवीत घरी बसले, तवा कुनाला इचारलं न्हाई. आता इचारते. माजी चारी शिकनार. त्यांच्याबरोबरची ही सगळी शिकनार. गाडी बंद करायची आसंल तर करा, आमी रोज हितंच यिऊन बसू. जागा चांगली हाय, वर पत्रा हाय.”

साहेब म्हणाले, “पण मग मशीनमध्ये तीन कशी?”

मी व्हरांड्याच्या खांबाआड उभा होतो. खांब बारीक, मी नाही. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता माझं नाव घेते. ती घेईना. “मशीनीला इचारा,” म्हणाली आणि खाली बसून बारकीची रिबीन बांधायला लागली.

शिवी दिली असती तर मी गप्प बसलो असतो. इतकी वर्षं सरावच आहे. पण आपल्याला लाज आणायची संधी हातात असून कुणी ती घेतली नाही, की लाज आपसूक येतेच. मी खांबाआडून बाहेर आलो. “साहेब, बटणं मी दाबत नव्हतो.”

पुढं जे झालं ते माझ्या सेवापुस्तकात नीट अक्षरात लिहिलेलं आहे. त्यात वाचण्यासारखं काही नाही. फेरी मात्र राहिली. मुक्काम राहिला. देवळाची ओसरीही माझ्या नशिबी राहिली. परतताना फाट्यावर उतरता उतरता ती म्हणाली, “मास्तर, घारगं फुकट न्हाई गेलं म्हनायचं.”

या जूनमध्ये थोरली दहावी होऊन पुण्याला गेली, मुलींच्या वसतिगृहात. भोरपर्यंत गेली ती आमच्याच गाडीनं. त्या दिवशी सुद्धा एक पाय पायरीवर ठेवून उभी राहिली होती, सवयीनं. खरं तर सगळी आधीच आत बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर पायरीवर कुणी नव्हतं. तरी नाना थांबून राहिले, आणि मी दोरीला हात लावला नाही. जुळे आले, बारकी आली. बारकी आता स्वतःच्या वेण्या स्वतः घालते, वाकड्या. मागून आलेल्या आईनं पत्र्यावर थापा मारल्या. “एक. दोन. तीन.” आणि तिचा हात वरच राहिला. नाना चौथीची वाट बघत बसले होते.  ती हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

मी दारातून वाकलो आणि बाहेरून पत्र्यावर एक थाप मारली. गाडी हलली. या फाट्यावर माझ्या खुणेनं ती सुटली अशी ती पहिलीच वेळ.

“मास्तर!” मागून तिचा आवाज आला. “बटणं दाबली का?”

“दाबली!” मी ओरडलो, आणि मग खरंच दाबायला घेतली. तिच्या घरची तीन झाली. चौथ्यांदा बोट बटणापर्यंत गेलं, थोडा वेळ तिथं थांबलं, आणि परत आलं.