विनीचं अर्धं पान

आमच्या ऑफिसात चार घड्याळं आहेत आणि चारांतल्या एकावरही माझा विश्वास नाही. पाचवं माझ्या मनगटावर आहे, ते खरं. खासदार हॉलिस ड्रेपर यांचा दिवस पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत कापून वाटायचा, हे माझं काम. वॉशिंग्टनमध्ये सव्वीस वर्षं मी हेच करतेय, त्यातली चौदा ड्रेपरसाहेबांकडे. कुणाला किती वेळ द्यायचा, कुणाला दारातूनच गोड बोलून वाटेला लावायचं आणि मतदानाची घंटा वाजली की साहेबांना सभागृहाकडे कसं पिटाळायचं, ते लोरेटा पिंकनीला विचारा.

साहेब तसे साधे, पण एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. पहिल्या अकरा वर्षांत त्यांचं एकही मतदान चुकलेलं नव्हतं. दाढ काढून, गालात कापूस धरून ते मत द्यायला गेले होते. माझ्या टेबलामागे एक लाकडी पाटी होती, तिच्यावर आकडे अडकवायचे. प्रत्येक मतदानानंतर मी खुर्चीवर चढून आकडा बदलायचे. मी सांगतेय त्या वेळी तो सहा हजार चारशे अठरा होता, आणि मतदारसंघातून आलेला प्रत्येक जण त्या पाटीसमोर उभा राहून फोटो काढायचा.

त्या सप्टेंबरात आमच्याकडे विनी सोरेनसन आली. भूशास्त्रज्ञांची एक संस्था दरवर्षी आपली काही माणसं फेलोशिप देऊन वर्षभरासाठी खासदारांच्या ऑफिसात धाडते. पगार त्यांचा, काम आमचं. कायदे करणाऱ्यांच्या कानाशी जमिनीतलं कळणारं कुणीतरी असावं, एवढाच हेतू. आमच्या ऑफिसचा प्रमुख ग्रेडी, त्याला तेल आणि कोळशातलं कुणी हवं होतं. हाती लागली दरडींची डॉक्टर. वय बेचाळीस, पायात डोंगर चढायचे बूट आणि पाठीवर दगडांनी भरलेली पिशवी. दारावरच्या पहारेकऱ्यांनी ती पिशवी यंत्रातून तीनदा फिरवली. चौथ्या वेळी मी खाली जाऊन तिला सोडवून आणलं, त्यात माझी बावीस मिनिटं गेली.

पहिल्याच आठवड्यात ग्रेडीने तिला एका विधेयकावर टिपण लिहायला सांगितलं. तिने चौदा पानं आणून ठेवली, नकाशे वेगळे.

"साहेब एक पान वाचतात," ग्रेडी म्हणाला.

"एक पान प्रस्तावना ना?"

"एक पान. सगळं मिळून."

दुसऱ्या दिवशी एक पान आलं. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, समास मुळीच नाही.

"बाई गं, याच्यासोबत भिंगही द्यायचंय का?" मी विचारलं.

"मिस लोरेटा, चौदा पानांचं एक केलंय. थोडं तरी कौतुक करा!"

अक्षर मोठं झालं, पण तिचे 'बहुधा' आणि 'साधारण साठ ते पंच्याहत्तर टक्के' काही हटेनात. ग्रेडी लाल पेनाने खोडायचा, ती पुन्हा लिहायची. "ते काढलं तर खोटं होईल," ती म्हणायची. "ठेवलं तर कुणी वाचणार नाही," तो म्हणायचा. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण नाताळपर्यंत पुरलं.

एकदा दुपारी आम्ही दोघी खालच्या उपाहारगृहात सूप पीत बसलो होतो. मी सहज विचारलं, "तिकडे तुझे एवढे डोंगर असताना तू इथे कागद खरडायला कशाला आलीस?"

तिने चमचा खाली ठेवला. "ओरेगनमध्ये मी एका उताराची पाहणी केली होती. बर्ट नावाचा म्हातारा, शाळेची बस चालवायचा, तो रोज सकाळी मला त्याच्या थर्मासमधली कॉफी द्यायचा. माझा अहवाल एकशे बारा पानांचा होता. सत्याऐंशीव्या पानावर मी लिहिलं की हा उतार बहुधा सुटेल. तो सुटला, आणि बर्टचं घर त्याच्याखालीच होतं."

"आणि कुणी वाचलं नाही?"

"सत्याऐंशीवं पान कोण वाचतं, मिस लोरेटा? त्यांना काय बोलू? मी ते पहिल्या पानावर का नाही लिहिलं?"

मी माझा अ‍ॅपल पाय तिच्याकडे सरकवला, तो मी सहसा कुणाला देत नाही. तिला चिडवणं मी त्यानंतरही सोडलं नाही, पण तिच्यासाठी डायरीत वेळ शोधायला मात्र लागले.

फेब्रुवारीत मतदारसंघातून शाळांच्या स्वयंपाकघरांत काम करणाऱ्या बाया साहेबांना भेटायला आल्या. त्यांच्यात कटलर हॉलोच्या शाळेतली नोव्हेला स्टम्पर होती. साठी उलटलेली, आवाज असा की घंटेची गरज नाही. साहेबांशी हात मिळवून झाल्यावर तिने पर्समधून मुरांब्याची बरणी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत माती होती.

"माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत फुगलीय," ती म्हणाली. "शाळा मंडळ म्हणतं, जुनं बांधकाम आहे. मी म्हणते, डोंगर ढकलतोय. इथे कुणी मातीतलं शिकलेलं आहे म्हणे?"

विनीने बरणी उघडली, चिमूटभर माती घेतली आणि सरळ पुढच्या दातांखाली धरली. मी किंचाळलेच. नोव्हेला मात्र मजेत बघत होती. "पोरी, मीठ कमी असेल तर सांग हो!"

"दाताखाली कचकच नाही," विनी म्हणाली. "लोण्यासारखी आहे. चिकणमाती." मग तिने विचारलं, "वरची झाडं सरळ आहेत?"

"सगळ्यांचे बुंधे वाकलेत. खालच्या बाजूला."

"भिंतीपाशी ओल?"

"गेल्या वर्षापासून. बारा महिने."

विनीने बरणीचं झाकण घट्ट लावलं. "शाळेत मुलं किती?"

"दोनशे सहा. मी रोज दोनशे सहा ताटं वाढते, मला पाठ आहे."

तेव्हापासून विनीला दुसरं काही सुचेना. अर्थसंकल्पाच्या विधेयकात एक छोटं कलम घालायचं, की शाळांच्या वरच्या उतारांचे विमानातून नकाशे काढावेत. झाडांची पानं गळाली की लेझरच्या प्रकाशात खालची जमीन उघडी दिसते, डोंगर कुठे सुटायला आलाय ते कळतं. त्यासाठी साहेबांच्या सहीचं पत्र ते विधेयक लिहिणाऱ्या समितीकडे मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी बाराच्या आत जायला हवं होतं.

ग्रेडी नाही म्हणाला, आणि तो काही मूर्ख नव्हता. "नकाशात ज्याचं घर लाल रंगात येईल त्याच्या घराला गिऱ्हाईक मिळणार नाही. तो आपल्याला मत देईल का?" साहेब म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही, हे विनीलाही एव्हाना कळलं होतं.

गुरुवारी सकाळी ती माझ्या टेबलाशी आली. "मला त्यांची दहा मिनिटं द्या."

"दहा नाहीत. चालतानाची सात आहेत. आज एकच मतदान आहे, त्यांच्या सोबत चालत जा. आणि हे बघ, टक्के सांगत बसू नकोस."

मीही बरोबर निघाले, कारण तिच्यावर माझा घड्याळांइतकाच विश्वास होता. त्या दिवशी मतदान संपलं की सगळे खासदार आपापल्या गावी विमानाने पळणार होते. अशा दिवशी अध्यक्ष उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाहीत. घंटा वाजली, आम्ही ऑफिसातून सभागृहाकडे जाणाऱ्या भुयारातून निघालो. विनी बोलत होती, साहेब फोनवर काहीतरी वाचत 'हं, हं' करत होते. ती 'साठ ते पंच्याहत्तर टक्के'ला पोचली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

वर जिन्यापाशी साहेबांच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला त्यांनी भिंतीच्या गुलाबी दगडावर हात टेकला.

"सर, हात जरा बाजूला घ्या," विनी म्हणाली.

"का? रंग ओला आहे?"

"नाही. बोटांखाली कुणीतरी आहे."

साहेबांनी हात उचलला. दगडात वीतभर लांबीचा, टोकाशी निमुळता होत गेलेला शंख होता, आत एकामागे एक कप्पे.

"हा समुद्रात पोहायचा," विनी म्हणाली. "पंचेचाळीस कोटी वर्षं झाली."

साहेब उकिडवे बसले. फोन खिशात गेला. "अकरा वर्षं मी इथे हात टेकतोय!" मग म्हणाले, "माझे आजोबा खाणीत होते. एकदा त्यांनी एक पाटीसारखा दगड घरी आणला होता, त्यावर नेच्याचं पान उमटलेलं. आजी त्यावर चमचे ठेवायची."

"कोळशाच्या थरावरच्या छतातला असणार तो," विनीचा आवाज एकदम बदलला. "त्या कोळशाच्या खाली चिकणमातीचा थर असतो. नोव्हेलाबाईंनी बरणीत आणला होता तोच. पाणी मुरलं की वरचं सगळं त्याच्यावरून घसरतं, सर. शाळा त्याच्याच खाली आहे."

आता साहेब प्रश्न विचारायला लागले. एकामागे एक, शाळकरी पोरासारखे. आणि या सगळ्या वेळात मी, लोरेटा पिंकनी, काय करत होते? चष्मा लावून, गुडघ्यांवर हात टेकून त्या शंखाचे कप्पे मोजत होते. अकरा भरले. मग मनगटाकडे लक्ष गेलं आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली.

"सर, पळा!"

आम्ही तिघं जिना कसा चढलो ते देवाला ठाऊक. साहेब सभागृहाच्या दारात पोचले, मतदानाचं कार्ड हातात, आणि आत अध्यक्षांचा हातोडा पडला.

पुढचा तासभर ग्रेडी जे बोलला ते मी लिहिणार नाही. "दगड!" एवढाच शब्द त्यात पुन्हा पुन्हा येत होता. मी खुर्चीवर चढून पाटीवरचे आकडे काढले. चूक माझीही होती, खरं तर माझीच जास्त. मी तसं सांगितलंही, पण माझ्यावर ओरडायची ग्रेडीची प्राज्ञा नव्हती, म्हणून तो विनीवर ओरडला. साहेब गावचं विमानही सोडून आतली खोली लावून बसले.

शुक्रवारी सकाळी विनीने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. राजीनामा. अर्ध्या पानाचा.

"आत्ता बरं जमलं तुला थोडक्यात लिहायला!" मी म्हणाले, पण हसू काही आलं नाही. वाचलं आणि ग्रेडीला न विचारता आत नेऊन साहेबांपुढे ठेवलं. त्यांच्यासमोर ग्रेडीने लिहिलेला खुलासा होता. आमच्याकडे रीत आहे, मतदान चुकलं की खासदार सभागृहाच्या नोंदीत कारण लिहून देतो. ग्रेडीने लिहिलं होतं, 'अपरिहार्य कारणामुळे'.

साहेबांनी विनीचं अर्धं पान वाचलं. मग मोठ्याने वाचलं. "'तुमचं मतदान माझ्यामुळे चुकलं, मला माफ करा. पण कटलर हॉलोच्या शाळेवरचा डोंगर खाली येणार आहे. कधी, ते मला माहीत नाही. आत दोनशे सहा मुलं आहेत.'" त्यांनी मान वर केली. "विनी, हे आधी का नाही लिहिलंस?"

विनी दारात उभी होती. "आधी मला खात्रीची टक्केवारी हवी होती, सर."

"लोरेटा, बारा वाजायला किती?"

"एकवीस मिनिटं."

त्यांनी ग्रेडीचा खुलासा फाडला आणि स्वतः लिहिला. 'मी दगड बघत होतो. त्यातून मला कळलं की माझ्या मतदारसंघातली एक शाळा धोक्यात आहे.' शाळेचं नाव घातलं. ग्रेडी डोकं धरून म्हणाला, "सर, हे नोंदीत छापलं जाईल! मग मागे फिरता येणार नाही."

"म्हणूनच लिहितोय," साहेब म्हणाले, आणि समितीच्या पत्रावर सही केली. ते पत्र पोचवायला मी स्वतः धावले. बाराला चार कमी असताना शिक्का बसला. राजीनामा मी माझ्या खणात टाकला आणि हरवला म्हणून सांगितलं.

कलम मंजूर झालं. विनी ऑगस्टात ओरेगनला परत गेली, पिशवीतले दगड माझ्यासाठी ठेवून गेली. पुढच्या हिवाळ्यात विमान फिरलं आणि नकाशात शाळेच्या वर डोंगराला भली मोठी खाच दिसली. गावात भांडभांड भांडून शेवटी शाळा नदीपलीकडे, बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या इमारतीत हलली. पहिलीचा वर्ग 'ताजी भाजी'च्या पाटीखाली भरायचा. निवडणुकीत विरोधकाने साहेबांचा 'दगड बघणारा खासदार' म्हणून यथेच्छ उद्धार केला, ते कसेबसे निवडून आले. आणि डोंगर जिथल्या तिथे. लोक हसायचे. मी विनीला फोन केला की ती म्हणायची, "येईल. कधी ते सांगता येत नाही." मला तर तिचा रागच यायचा.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये, एका मंगळवारी, नोव्हेलाचा फोन आला. मागे मुलांचा कलकलाट होता.

"लोरेटा, डोंगर आला. आत्ता, दहा वीसला. सगळ्यात आधी माझं स्वयंपाकघर गेलं, मग वर्ग. काही राहिलं नाही." तिचा तो दणदणीत आवाज बसला होता. "दहा वीसला मी तिथे पहिली ताटं लावायचे गं."

"मुलं?"

"इथे आहेत, माझ्यासमोर. रांग लागलीय. ठेवते, जेवण निवेल."

मी विनीला फोन लावला. घाईत मी उलटंच सांगितलं. "शाळेवर दरड आली," म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. "रिकामी होती! विनी, शाळा रिकामी होती!"

ती म्हणाली, "मिस लोरेटा, पुन्हा सांगा."

"रिकामी होती."

"पुन्हा सांगा."

मी तिला चार वेळा सांगितलं. ती रडत होती, मीही रडत होते. दुसऱ्या लाइनवर कुणीतरी मोठा माणूस ताटकळत होता, त्याला मी ताटकळू दिलं.

साहेब बाहेर आले. त्यांना कळलं होतं. त्यांनी माझी खुर्ची ओढली, बूट काढून तिच्यावर चढले आणि तीन वर्षं रिकामी असलेल्या पाटीवर आकडे अडकवायला लागले. दोन. शून्य. सहा. सहा तिरका बसला. तेवढ्यात मतदानाची घंटा वाजली.

"पंधरा मिनिटं आहेत, सर," मी म्हणाले. "आकडा सरळ लावा."