थिर्झाबाईंचं सरळ केलेलं घर

माझा नवरा जेबेझ जन्मभर सुतारकी करत आला, तीही लाकडी सांगाड्याच्या जुन्या शेतघरांची. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या आमच्या गावात अशी सोळा घरं, आणि एकही सरळ उभं नाही. "म्हाताऱ्या माणसाला आणि म्हाताऱ्या घराला ओळंबा लावू नये," असं तोच सगळ्यांना ऐकवायचा. साठीला त्याची बुद्धी कुठे फिरली देव जाणे.

थिर्झाबाईंच्या घराची पायातली ओकच्या लाकडाची तुळई कुजून भुगा झाली होती आणि त्या बाजूनं घर खचलं होतं. बाईंच्या जिभेला हाड नाही. "ही एक बाजू कर. जमली तर उरलेल्या तिन्ही तुझ्या. नाहीतर शहरातला ठेकेदार चहाला येतोयच." ठेकेदार म्हणजे सगळीकडे सिमेंट. जेबेझची झोपच उडाली.

ठेकेदारावर छाप पाडायची म्हणून पठ्ठ्यानं सकाळी जॅक लावले, पाणसळ धरली आणि उचलत उचलत घर पार सरळ केलं. खाली विटा रचून नवी तुळई बसवली. मी डबा घेऊन पोचले तेव्हा स्वारी छाती काढून उभी.

तेवढ्यात वरून बाईंच्या नवऱ्याचा, रूबेनचा आवाज आला. "थिर्झा, दार उघडत नाहीये गं."

चारशे वर्षांत त्या घरातलं प्रत्येक दार कलत्या चौकटीच्या मापानं तासलेलं. घर सरळ झालं आणि नऊच्या नऊ दारं घट्ट बसली. इकडे रूबेनला बारा वाजता जत्रेत डुकरांच्या स्पर्धेचा पंच म्हणून जायचं होतं.

"खिडकीतून उतर," थिर्झाबाई म्हणाल्या.

"तीही अडकलीये. आणि माझी विजार शेजारच्या खोलीत आहे."

बाई जेबेझकडे वळल्या. "चारशे वर्षं वाकडं होतं, पण या घरानं कुणाला कोंडलं नाही. तू एका सकाळीत माझ्या नवऱ्याला तुरुंगात टाकलंस."

मला हसूही येत होतं, पण काम हातचं गेलं हे दिसतच होतं. तुळईखालची एकेक वीट काढत, जॅक सैल करत जेबेझ घर उतरवू लागला. वर एखादं दार सुटल्याचा आवाज आला की थांबायचा, कान द्यायचा, मग जॅकचा पुढचा फेरा. नववं दार सुटलं तेव्हा चार वाजले होते. डुकरांचा निकाल केव्हाच लागला होता.

ठेकेदार आला, त्यानं तुळईवर पाणसळ ठेवली आणि खो खो हसला. "आजोबा, साडेचार इंच चुकलात की."

"चुकला नाही," थिर्झाबाई म्हणाल्या. "नऊ दारं नुसत्या कानानं ऐकून सोडवलीत त्यानं. तुम्हाला जमेल?"

बाईंनी ठेकेदारापुढचा चहाचा कप उचलला आणि जेबेझच्या हातात दिला.

"सोमवारी मागची बाजू घे," त्या म्हणाल्या. "रूबेनला मी आधीच गोठ्यात बसवते."