उभ्यानं करायचं काम

बाबांचा निरोप आम्ही अमरावतीच्या भाजीबाजारात घेतला. पौषातली सकाळ होती, तोंडातून वाफ निघत होती. अचलपूरजवळच्या आमच्या गावाहून बाबा मेथी आणि वांगी घेऊन टेम्पोनं आले होते. माल उतरल्याशिवाय त्यांना हलता येत नव्हतं, आणि बडनेऱ्याहून आमची गाडी थोड्याच वेळात होती. म्हणून मी, माझी बायको संगीता आणि आमची मुलगी, ऑटोत बॅगा कोंबून बाजाराच्या फाटकाशी थांबलो. पोत्यांमधून वाट काढत मी एकटाच आत गेलो.

"निघतो, बाबा."

त्यांच्या पाठीवर वांग्यांचं पोतं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं नाही. तसंच वाकलेल्या अंगानं मान वळवून म्हणाले, "जाय बाप्पा. गाडी सुटन."

तेवढंच. मी परत ऑटोत येऊन बसलो.

अकोल्याला मात्र संगीताची आई डबा घेऊन फलाटावर उभी होती. गाडी तिथं जेमतेम काही मिनिटं थांबते. तेवढ्यात त्यांनी खिडकीतून तिखट पुऱ्या दिल्या, नातीचे गाल कुरवाळले, आणि गाडी हलली तरी सळई सोडेनात. संगीता शेगावपर्यंत रडली, मग तोंड धुऊन आली आणि मुलीला पुरी खाऊ घातली. तिचं निघणं तिथं पूर्ण झालं असं मला वाटलं. माझं झालं की नाही, हे आजही नक्की सांगता येणार नाही.

आम्ही न्यूझीलंडला आलो ते संगीताच्या नोकरीवर. ती नर्स आहे, तिथल्या हॅमिल्टन शहरातल्या एका हॉस्पिटलात तिला काम मिळालं होतं. मी अमरावतीत कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. राजकमल चौकात चहा प्यायला उभा राहिलो तरी दोन-तीन जण "सर, सर" करत यायचे. हॅमिल्टनला उतरल्यावर ते थांबलं. शाळेत शिकवायचं तर पुन्हा कॉलेजात बसा, पुन्हा परीक्षा द्या. काही महिने मी घरीच होतो. स्वयंपाक करायचो, मुलीला शाळेत सोडायचो, आणि खिडकीतून शेजाऱ्याची हिरवळ बघायचो. मग ओळखीतले एक मल्याळी गृहस्थ कायमचे केरळला परत निघाले. त्यांचा धंदा लोकांच्या घरची लॉन कापायचा होता. त्यांनी मला गाडीमागचा ट्रेलर, गवत कापायचा मॉवर, कडा छाटायचा ट्रिमर आणि त्यांची नेहमीची घरं सोपवली. पहिले दोन दिवस माझ्यासोबत हिंडले आणि गेले.

बाबांना फोनवर सांगायला मला धीर करावा लागला.

"गवत?" ते म्हणाले. "कोनाचं?"

"लोकांचं. घरासमोर असतं ना, ते."

"ढोरं असतीन त्याईच्या घरी?"

"नाही, बाबा. ढोरं नाहीत. दिसायला चांगलं दिसतं म्हणून कापतात."

मला वाटलं आता शिक्षणाचं काढतील, कोणाकोणाला काय सांगू म्हणतील. त्यांनी एकच विचारलं, "उभ्यानं हाये का वाकून?"

"उभ्यानंच. मशीन ढकलायची असते."

"मंग बरं हाये," ते म्हणाले आणि फोन गजाननला, माझ्या धाकट्या भावाला, दिला.

झेंडू तोडणाऱ्या, मेथी उपटणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारची कामं होती. त्यातलं बरं मला मिळालं होतं.

मला ते काम आवडायलाही लागलं होतं, हे सांगायला हवं. कापलेल्या गवताचा वास मला अजून आवडतो. पण असं एकटेपण मी आधी पाहिलं नव्हतं. सकाळी ज्या घरी जातो तिथले लोक कामावर गेलेले असतात. फाटक उघडायचं, कानांवर आवाज अडवणारे जाडजूड मफ चढवायचे, कापायचं, फाटक लावायचं, पुढचं घर. पैसे बँकेत येतात, निरोप मोबाइलवर येतो. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. संध्याकाळी मी घरी पोचायचो तेव्हा संगीता रात्रपाळीला निघत असायची. दारातच आमची भेट. "भाजी गॅसवर हाये," ती म्हणायची, "गरम करून घेजा." मुलगी पुढं कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि घरातला तेवढाही आवाज गेला. ज्यानं दिवसभर मोठ्यानं बोलून पोट भरलं, त्याच्या घशाला हे समजायला बराच काळ लागतो. गाडीत एकटा असताना मी न्यूटनचे नियम म्हणायचो. हसू नका, खरंच म्हणायचो.

उभ्यानं करायचं काम असलं तरी ते कंबर खातंच, हे हळूहळू कळलं. मॉवर ट्रेलरवर चढवताना वाकावं लागतं. सुरू करायची दोरी ओढताना झटका बसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागची पिशवी. कापलेलं गवत तीत जमा होतं. ओलं असलं की ती पोत्यासारखी जड होते, आणि ती काढून, वळून, डब्यात रिकामी करायची. सकाळी मोजे घालायला मला पलंगाचा आधार लागायला लागला. संगीता म्हणाली, "दाखवून ये." मी म्हणालो, हा सीझन जाऊ दे. न्यूझीलंडात वसंत लागला की गवत डोळ्यांदेखत वाढतं, आणि माणूस थांबला की घरं दुसऱ्याकडे जातात.

त्याच वसंतात एका दुपारी मार्गारेटच्या मागच्या उतारावर माझी कंबर गेली. मार्गारेट म्हणजे ऐंशी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. बुधवारी तिचं घर असायचं. काचेमागून ती हात हलवायची, मीही हलवायचो, एवढीच ओळख. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. भरलेली पिशवी उचलून मी वळलो आणि कमरेत काहीतरी सटकलं. आधी गुडघ्यांवर आलो, मग आडवा झालो. त्यानंतर हलताच येईना. पाय आपले वाटेनात.

संगीताला फोन लावला. त्या आठवड्यात तिची दिवसपाळी होती, आणि ड्यूटीवर तिचा फोन लॉकरमध्ये असतो. पुन्हा लावला. मग मोबाइलमधली नावं वर-खाली केली. अमरावती, परतवाडा, अकोला, चांदूर बाजार. हाक मारली तर धावत येतील असे सगळे समुद्रापलीकडे. इथे इतक्या वर्षांत बायकोखेरीज कोणाचाही नंबर माझ्याजवळ असा नव्हता, ज्याला मी "पडलो, ये" म्हणू शकेन. कमरेच्या कळेपेक्षा ते जास्त लागलं. ओल्या गवतात पाठ भिजत होती आणि वर ढग चालले होते. मी फोन छातीवर ठेवून दिला.

मागचं दार उघडलं. मार्गारेट काठी टेकत आली. "आवाज फार लवकर बंद झाला," ती म्हणाली. तिनं मला बघितलं, माझा हात धरून पाहिला आणि सोडला. "मला तुला उठवता येणार नाही. पण बसता येईल."

मग ती आत गेली, एका खेपेला उशी, दुसऱ्या खेपेला घोंगडी आणि तिसऱ्या खेपेला घडीची खुर्ची घेऊन आली. अँब्युलन्सला तिनंच फोन केला. यायला वेळ लागेल असं कळलं. तोवर ती माझ्या डोक्याशी बसून राहिली. नवरा गेला त्याला किती काळ झाला, मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, ह्या उतारावर तो लहानपणी लोळत खाली जायचा, असं काय काय सांगत होती. मध्येच म्हणाली, "मी बुधवारी मुद्दाम बाहेर जात नाही. घरात कोणीतरी आहे असं वाटतं." मी घरात कधीच गेलो नव्हतो. मी फक्त गवत कापायचो.

मणक्यातली चकती सरकली होती. ऑपरेशन टळलं, पण कित्येक आठवडे झोपून काढले. पुढे फिजिओकडे जायला लागलो. ती तरुण मुलगी; तिनं मला पुन्हा चालायला शिकवलं आणि म्हणाली, धंदा सोडायचा नसेल तर रीत बदल. तेव्हापासून मी असंच करतो. मॉवर बॅटरीवरचा घेतला, दोरी ओढायची भानगड गेली. ट्रेलरला लांब फळी लावली, मशीन आता ढकलत वर जाते. दांडा बेंबीच्या उंचीला आणला. गवत बारीक होऊन जमिनीवरच पडेल अशी पाती बसवली, म्हणजे पिशवीच नको. वळायचं तर कमरेतून नाही, पाय उचलून सगळं अंग वळवायचं. एक घर झालं की गाडीला टेकून थोडं उभं राहायचं. उताराची घरं सोडून दिली. निम्मी घरं त्यात गेली. संगीतानं जास्तीच्या पाळ्या घेतल्या. त्यामुळे आमची दारातली भेटही कमी झाली.

बाबांना मी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. फोन आला की नेहमीसारखं बोलायचो. मी अजून अंथरुणातच होतो तेव्हा एकदा ते बोलता बोलता थांबले.

"तू झोपून बोलून राहिला का?"

"नाही, बाबा."

"खोटं कायले बोलतं? आवाज दबला हाये. कंबर गेली का?"

मी हो म्हणालो. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला विचारलं, कळ डाव्या पायात उतरते की उजव्या. मी म्हणालो, डाव्या.

"माह्या उजव्यात उतरते," ते म्हणाले.

"तुमच्या? कधीपासून?"

"तू अमरावतीले शिकाले होता तवापासून. तुही माय होती तवा मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून रोज शेकून देये. ती गेली, मंग कोन शेकते?"

"मला कधी बोलले नाहीत तुम्ही."

"तुले सांगून काय करतो, बाप्पा? तू का येशीन शेकाले?"

ते टोमण्यानं बोलले नव्हते. खरं तेच बोलले होते. पण आई जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ह्या माणसाच्या कमरेला तेव्हापासून कोणाचा हात लागला नाही, हे मला आडव्या पडल्या पडल्या, दुसऱ्या गोलार्धात कळत होतं. त्या दिवसापासून आम्ही कमरेवर बोलायला लागलो. आज कळ कुठं, झोप लागली का, थंडीनं आखडलं का. आयुष्यभरात आम्ही एकमेकांशी एवढं बोललो नव्हतो.

न्यूझीलंडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, गवत वाढत नाही. त्या दिवसांत मी एकटाच गावी गेलो. गावात झेंडूची लागवड चालू होती. बाया ओळीनं वाकून रोपं टोचत होत्या, गजानन पुढं दोरी धरून होता. मी पँट दुमडून वावरात उतरायला गेलो.

"दादा, तू नको," गजानन म्हणाला. "तू बस ना बाजेवर. फोटो काढ पाहिजे तर."

त्यानं प्रेमानंच म्हटलं. मी बाजेवर जाऊन बसलो. तिथं बाबा आधीपासून बसलेले होते.

"मले बी असंच बसवते थो," ते म्हणाले.

आम्ही दोघं बसून बघत राहिलो. बायांचं हसणं ऐकू येत होतं, कशावर हसल्या ते कळत नव्हतं. हॅमिल्टनला लोकांचं गवत पाहुण्यासारखं उभं राहून कापायचं, आणि इथं माझ्याच वावरात बसून पाहुणचार घ्यायचा. बाबा तर गाव सोडून कुठंच गेले नव्हते. तरी ते माझ्या शेजारी, त्याच बाजेवर होते. ते म्हणाले, "सकाई सकाई येऊन बसतो. घरी भिताडाकडे पाह्यन्यापेक्षा हे बरं." त्या रात्री मी मीठ गरम केलं आणि त्यांची कंबर शेकली. त्यांनी नको म्हटलं नाही. निघेपर्यंत रोज शेकली.

परतवाड्याच्या बस स्टँडवर ह्या वेळी बाबा सोबत आले. अमरावतीची एसटी लागली. मी पाया पडायला वाकायला गेलो आणि अर्ध्यातच अडकलो. खाली जाता येईना, वर येता येईना. मला धरायला बाबा पुढं झाले आणि त्यांचाही तोल गेला. मी त्यांना धरलं, त्यांनी मला. तसेच आम्ही उभे राहिलो. त्यांच्या सदऱ्याला मिठाचा आणि तेलाचा वास होता. कंडक्टर म्हणाला, "काका, चालता का राहता?" बाबांनी मला सोडलं नाही. कंडक्टरनंही घंटी थोडी उशिरा मारली.

तुमच्यापैकी जे निघून गेले आणि जे मागं राहिले, त्या सगळ्यांना मी एकच सांगू शकतो. घर कुठं आहे ते मला माहीत नाही. बुधवारी मी मार्गारेटकडे अजून जातो. उतार दुसरा माणूस कापतो, मी पुढचा सपाट तुकडा कापतो आणि तिच्या स्वयंपाकघरात चहा घेतो. यंदा झेंडूची तोडणी सुरू झाली तेव्हा माझी दुपार होती, गावी नुकतं उजाडलं होतं. मी कोणाच्या तरी घरापुढं गाडीत बसून डबा खात होतो. बाबांचा फोन आला. ते काही बोलले नाहीत. फोन त्यांनी बाजेवर ठेवला असावा, कारण बाया बोलताना ऐकू येत होत्या, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं, फुलं भरायचे कॅरेट आपटत होते. मी घास हातात धरून ऐकत राहिलो.

बऱ्याच वेळानं बाबांनी फोन उचलला. "आलं ऐकू?"

"आलं, बाबा."

"मंग ठेवतो."

फोन बंद झाला. मी डबा मिटला, कानांवर मफ चढवले आणि मशीन खाली उतरवली.