दर्यात सोडलेले गडी

मिंगेल मेस्ताचा लाकडी गडी आता कुणाच्या घरात सापडायचा नाही, हे खरं म्हणजे शोधायला निघायच्या आधीच ओळखायला हवं होतं. आणि ते ओळखायला मिंगेलपेक्षा जवळचं कोण होतं? पण माणूस एकदा आशेला लागला की आपल्या घरासमोर वर्षानुवर्षं घडलेली गोष्टही त्याला आठवत नाही.

मिंगेल मालवणचा सुतार. या बाजूला सुताराला मेस्त म्हणतात, म्हणून तो मिंगेल मेस्त. किनाऱ्यालगतच्या वाडीत माडांखाली त्याचं कौलारू घर, आणि पडवीत कामाचा बाक. चर्चमधली बाकडी, देवळाची पालखी, होडीची वल्ही, कुणी गेलं तर पेटी, सगळं त्याच्याकडेच यायचं. पालखी दुरुस्त होऊन परत गेली की पुजारी तिच्यावर पाणी शिंपडून घेई. मिंगेल शेजारी उभा राहून म्हणे, "शिंपडा, शिंपडा. माझो घाम बरो धुवन काढा." पुजारीही हसे आणि दोन थेंब मिंगेलच्या अंगावर उडवी.

पण त्याचं नाव झालं ते गड्यांमुळे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे, वीतभर उंचीचे, जुन्या आरमारातल्या शिपायांसारखे बारा गडी. त्यांत होडीचा म्होरक्या तांडेल होता, भालाईत होता, गोलंदाज होता, नगारा वाजवणारा होता. हातपाय दोरीनं आतून ओवलेले असत, त्यामुळे हात वर केला की वर राहायचा आणि गुडघा वाकवला की गडी बसायचा. अंग मिंगेलनं तासायचं आणि तोंड त्याच्या बायकोनं, इनासियानं, रंगवायचं. चिंचोक्याची खळ, काव आणि काजळ एवढ्यावर ती असं तोंड काढी की पोरं बघत राहत. बाराही तोंडं वेगळी. तांडेलाच्या गालावर तर तिनं सुईनं कोरून मिंगेलच्या गालावरचा व्रण काढला होता. लहानपणी पटाशी लागून झालेला तो व्रण. "माका कित्या ह्यात ओढतंस?" असं मिंगेल विचारी. "तांडेल दुसरो खंय शोधू?" असं म्हणून ती पुढचा गडी हातात घेई.

हे गडी हिवाळ्यातल्या जत्रेत विकले जायचे. एका पोराला एकच गडी. नारळी पौर्णिमेपर्यंत पोर त्याच्याशी खेळायचं, त्याला उशाशी घेऊन झोपायचं, शाळेच्या पिशवीत लपवायचं. पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून झाला की वाडीतली पोरं माडाच्या पोयीची, म्हणजे फुलोऱ्याच्या सुक्या आवरणाची, होडी करून आपापला गडी तिच्यात बसवायची आणि दर्यात सोडायची. होड्या दुसऱ्या दिवसापासून मासेमारीला निघणार. बापाच्या पुढे राखणीला गडी गेला पाहिजे. तोही लाडका असला तरच दर्या घेतो, असं म्हणत. लाटेबरोबर एखादा परत आला तर तो पळपुटा. त्याला घरात घ्यायचं नाही, पुन्हा आत ढकलायचं. ही पद्धत वाडीतून गावात गेली, गावातून पार शिरोड्यापर्यंत पोचली. पुढच्या जत्रेला तीच पोरं नव्या गड्यासाठी आयांचे पदर ओढत मिंगेलसमोर उभी असायची.

एकदा मिंगेल म्हणाला होता, बाराचा एक संच आपल्याला राहू दे. इनासियानं ते हसण्यावारी नेलं. "ठेवन काय करतलंव? फुडल्या वर्साक परत करूचेच आसत."

एकाहत्तर साली पावसाळ्याच्या तोंडाला ती तापानं गेली. त्या वर्षी जत्रेत मिंगेल दिसला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग प्लास्टिकच्या मोटारी आल्या, बंदुका आल्या, आणि पोरांची सोय झाली. दोघांना मूलबाळ नव्हतं. तिचा फोटोही काढू काढू म्हणता राहूनच गेलेला. मिंगेल खुर्च्यांचे पाय बसवत राहिला, आणि अशी बारा-तेरा वर्षं गेली.

जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळीनंतर एक दिवस पडवीत एक चष्मेवाला माणूस येऊन उभा राहिला. बगलेत फाईल होती. "नमस्कार. मी हस्तकला मंडळाकडून आलो आहे," अशी त्यानं सरकारी सुरुवात केली, पण भिंतीवरच्या पटाश्या बघितल्या आणि त्याचं सरकारीपण गळून पडलं. "मेस्तानू, माका वळाखलात? मी कट्टा गावचो श्रीपाद. माझ्याकडे तुमचो नगारेवालो होतो."

"होतो? मगे आता खंय आसा?"

"दर्यात सोडलो मा!" श्रीपाद म्हणाला, आणि दोघेही हसले. त्या हसण्यातच पुढचं सगळं आलं होतं, पण तेव्हा ते कळलं नाही.

श्रीपादनं योजना सांगितली. मंडळाला जुनी खेळणी पुन्हा बाजारात आणायची होती. मिंगेलचे गडी परत करायचे, चार मुलांना शिकवायचं, मुंबईच्या दुकानात ठेवायचे. होळीपर्यंत बारा नमुने समितीपुढे गेले पाहिजेत. "पण एक अट आसा. जुने होते तसेच व्हये. थयसर सगळे तेच विचारतले."

मिंगेल त्या संध्याकाळी जेवला नाही. पांगारा तोडून आणला, सुकवला, आणि पौष सरता सरता बारा अंगं उभी केली. हात काही विसरले नव्हते. गोलंदाजाची वाकलेली पाठ, भालाईताचा पुढे टाकलेला पाय, सगळं जिथल्या तिथे उतरलं. बारा गडी बाकावर उभे राहिले, आणि बाराजणांना तोंडं नव्हती.

मिंगेलनं स्वतः कुंचला धरून बघितला. जे उमटलं ते बघून त्यालाच लाज वाटली आणि त्यानं ते ओल्या फडक्यानं पुसलं. वीस वर्षं ती तोंडं त्याच्या डोळ्यांसमोर तयार झाली होती. पण रोज समोर असलेली गोष्ट माणूस कशाला नीट बघतो? नगारेवाल्याचे डोळे मिटलेले होते की उघडे? भालाईताला मिशी होती का? आठवायला गेलं की नुसता इनासियाचा कुंचल्याचा हात दिसायचा. आणि तेव्हा मिंगेलच्या मनात खरी गोष्ट आली. एक गडी सापडला तर तिच्या हातचं काहीतरी पुन्हा बघायला मिळेल. समिती, मुंबई, दुकान हे सगळं मागे पडलं आणि तो तिला शोधायला निघाला, असंच म्हणायला हवं.

आधी बाजारात विचारलं. किराणा दुकानदार बाबली तराजू सोडून बाहेर आला. "मेस्तानू, माझो भालाईत! तेका सोडताना मी इतको रडलंय, इतको रडलंय की बापाशीन कानफटात मारल्यान."

"तो आसा?"

"आसतलो कसो? सोडलो मा!"

मासळीबाजारात विचारलं, एसटीच्या स्टँडवर विचारलं, कट्ट्याला जाऊन विचारलं. गड्याचं नाव काढलं की माणसांचे डोळे चमकत. चाळिशीचे बाप्ये हात वर करून गोलंदाज कसा उभा राहायचा ते भर रस्त्यात दाखवत. पण तोंड कसं होतं म्हटलं की जो तो वेगळंच सांगे, आणि गडी मात्र एकाकडेही नव्हता. ज्यानं जास्त जीव लावला त्यानं तो जास्त खोल पाण्यात नेऊन सोडला होता. एवढा लाडका माल आणि एक नग शिल्लक नाही, अशी फजिती दुसऱ्या कुठल्या मुलखात झाली नसेल.

मग कुणीतरी सांगितलं, शिरोड्याच्या आनंदीबाईंकडे एक आहे. त्यांच्या मुलानं तो सोडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिंगेलनं ठेवणीतला सदरा घातला. दोन एसट्या बदलून, वाटेत पाण्याचा घोटही न घेता, तो भर दुपारी शिरोड्याला उतरला. आनंदीबाई म्हणजे एका शाळामास्तरांच्या विधवा. घर झाडूनपुसून आरशासारखं. त्यांनी पाट मांडला, गुळपाणी दिलं.

"व्हय, आसा मा. तांडेल. माझ्या सत्यवानाचो." त्यांचा आवाजच बदलला. "त्या वर्सा पौर्णिमेक तेका गोवर इलेलो. पोर तापान फणफणलेला, आणि ह्यो गडी छातीवर. आठव्या दिवसाक ताप उतरलो. ज्यान माझा पोर राखल्यान तेका दर्यात कशी सोडतलंय मी? देवांत ठेवलंय. येवा, बघा."

मिंगेल देवघराच्या उंबऱ्याबाहेर थांबला. तांडेल! बारांतला नेमका तोच. त्यानं सदऱ्याला हात पुसून ओंजळ पुढे केली. आनंदीबाईंनी बाळकृष्णाशेजारून गडी उचलला, पदरानं पुसला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.

"अठरा वर्सा देवांबरोबर न्हाणवतंय तेका. सणावाराक चिंच लावन घासतंय. बघा, कसो लखलखता!"

गडी खरंच लखलखत होता. खांद्यांवरून, छातीवरून, आणि तोंडावरूनही. तोंड अंड्यासारखं गुळगुळीत झालं होतं. डोळे नव्हते, भुवया नव्हत्या, ओठांची रेघ नव्हती. चिंचोक्याच्या खळीनं बसवलेला रंग चिंचेनंच उतरवला होता, आणि तोही एका आईनं, देव समजून, सणासणाला.

मिंगेलनं गालावरून अंगठा फिरवला. तिथे एक बारीक खाच लागली. सुईनं कोरलेला व्रण तेवढा उरला होता. इतक्या लांब तिला भेटायला आला आणि हाताला लागली ती स्वतःचीच खूण. त्याला रडू आलं, पण परक्या घरात, देवासमोर, त्यानं ते गिळलं.

आनंदीबाई त्याच्याकडे बघत होत्या. काहीतरी चुकलं असावं असं त्यांना वाटलं. "मेस्तानू, तोंड तेचा पयल्यापासून असाच होता मा?"

"व्हय," मिंगेल म्हणाला. "असाच होता. बरो सांभाळलात तुमी." त्यानं गडी त्यांच्या हातात परत दिला आणि तीनची एसटी धरली.

होळीच्या आधी श्रीपाद आला तो मंडळाच्या चित्रकाराला घेऊन. जयराम नावाचा, मुंबईचा, मऊ बोलणारा पोरगा. श्रीपादनं तोडगा काढला होता. मेस्तानं तोंड सांगायचं, जयरामनं कागदावर काढायचं, मग ते लाकडावर घ्यायचं. मिंगेलनं डोळे मिटले. पहिल्यांदा जड गेलं, मग शब्द येऊ लागले. डोळे जरा झोपाळलेले. एक भुवई दुसरीपेक्षा वर, काहीतरी विचारत असल्यासारखी. हनुवटी आखूड. वरच्या ओठावर, डाव्या बाजूला, तिळाएवढा डाग. हसू दाबलं की नाकपुडी फुलते. जयराम भराभर काढत होता, खोडत होता, पुन्हा काढत होता. मिंगेल थांबायचं नावच घेईना.

श्रीपादनं कागदात डोकावलं. मग हळूच म्हणाला, "मेस्तानू, ही तर बाई झाली."

मिंगेलनं डोळे उघडले. कागद घेतला आणि उजेडात, पडवीच्या पायरीपर्यंत गेला. बराच वेळ त्यानं तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. समोर एक बाई होती खरी. डोळे झोपाळू, भुवई वर, ओठावर डाग. सांगितलं ते सगळं होतं.

"नाय," तो म्हणाला. "ही ती नाय."

"मग काय वेगळा होता? सांगा, तो सुधारतलो."

मिंगेलनं पुन्हा कागदाकडे बघितलं. भुवई कुठली वर होती, डावी की उजवी? डाग डावीकडे होता हे तरी नक्की का? गड्यांची तोंडं गेली याचं दुःख करत तो शिरोड्यापर्यंत हिंडून आला होता. आणि जिनं ती काढली तिचं तोंडही कधी निसटलं, हे त्याला या पायरीवर कळलं. त्यानं कागद जयरामच्या हातात परत दिला. श्रीपादनं पाणी आणलं, पण ते त्यानं घेतलं नाही.

"घेवन जावा बाराव," शेवटी तो म्हणाला. "तोंडा तुमका व्हयी तशी काढा."

ते घेऊन गेले. पावसाळ्यात खोका पोस्टानं परत आला, वर मंडळाचं पत्र. मूळ नमुना उपलब्ध नसल्यामुळे प्रस्ताव पुढे नेता येत नाही, असं त्यात होतं. खाली श्रीपादनं हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या, माफ करा म्हणून. खोक्यात बारा गडी होते. बाराजणांचे गाल गुलाबी, मिशा पिळदार, आणि बाराजण अगदी एकसारखे हसत होते.

नारळी पौर्णिमेला वाडी किनाऱ्यावर गेली. ढोल वाजत होते. मिंगेलच्या मनात एकदा आलं की खोका उचलावा आणि जावं. पण लाडका असला तरच सोडायचा, आणि यांतला एकही त्याचा कुणी नव्हता. तो पडवीतच बसला. बारीक धारेचा चाकू घेतला आणि एकेक तोंड खरवडायला लागला, मिशा, गाल, हसणं, सगळं. ढोल थांबेपर्यंत बाराही गुळगुळीत झाले.

ते त्यानं बाकाच्या वरच्या फळीवर मांडून ठेवले. पुढे कधी कामातून उठला की त्यातला एक हातात घ्यायचा, रिकाम्या तोंडावर अंगठा ठेवायचा आणि डोळे मिटायचा. एखाद वेळी इनासिया दिसायची. बहुतेक वेळा नाही दिसायची, मग तो गडी जागेवर ठेवून पुन्हा कामाला लागायचा.